आयर्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या प्रथा आणि खेळ: विचारायचं काय, बनवायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम आयर्लंडमधल्या एका गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबातल्या मुलीला शाळेने काम दिलं आहे: आजूबाजूच्या वयस्कर माणसांना भेटायचं, त्यांच्या लहानपणीचे सण, खेळ, करमणुकी विचारून लिहून आणायच्या आणि त्यातली एखादी वस्तू स्वतः करून दाखवायची. शेजारच्या आजोबांनी रशचा क्रॉस, रेन, स्ट्रॉबॉईज, जॅकस्टोन्स अशी नावं भराभर सांगितली, पण पुढे काही नाही. 'आता कुठे आठवतंय' म्हणून विषय संपला. तर त्यांच्याकडून नेमकी माहिती काढायची कशी, आणि मुलीने करायला घ्यायचं काय?

पहिली गोष्ट, 'तुमच्या वेळी कोणत्या प्रथा होत्या?' असं विचारू नका. त्या माणसाच्या लेखी ती प्रथा नव्हतीच. ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या सणासाठी रशचा, म्हणजे पाणथळ कुरणातल्या गोल हिरव्या काड्यांचा, क्रॉस विणणं हे ३१ जानेवारीच्या संध्याकाळचं घरातलं काम होतं. म्हणून काम विचारा. रश कोण उपटून आणायचं? कुठल्या शेतातून? आणल्यावर घरात ठेवायचे की बाहेर? क्रॉस कोण विणायचं, वडील की आजी? किती करायचे आणि कुठे कुठे लावायचे? जुन्याचं काय व्हायचं? असे प्रश्न आले की उत्तरं आपोआप येतात, कारण अशा गोष्टींची आठवण हाताला असते. जमलं तर मूठभर ताजे रश बरोबर घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. प्रश्नावलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी गोष्ट, साल विचारू नका. 'वीज यायच्या आधी की नंतर?' असं विचारा. आयर्लंडमध्ये ग्रामीण विद्युतीकरण १९४६ साली सुरू झालं आणि दुर्गम भागांत ते १९७० च्या दशकापर्यंत चाललं. आपल्या घरात पहिला दिवा कधी लागला हे सहसा कोणी विसरत नाही. तशाच आणखी दोन खुणा आहेत. एक दूरचित्रवाणी, जी ३१ डिसेंबर १९६१ ला सुरू झाली. दुसरी, गावात पहिलं कंबाइन हार्वेस्टर आलं ते वर्ष. या तीन खुणा कामाच्या आहेत, कारण बऱ्याच प्रथा त्यांच्यामुळेच बदलल्या. टीव्ही आल्यावर रात्री एकमेकांच्या चुलीपाशी जाऊन बसणं कमी झालं. कंबाइन आल्यावर धान्याचं लांब काड मिळेनासं झालं आणि लग्नात, सणात घालायचे काडाचे पोशाख करणं अवघड झालं. उत्तरात काळ कुठला ते कळलं नाही, तर आजोबांनी स्वतः पाहिलेलं आणि त्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं यांची सरमिसळ होते. लिहिताना हे दोन रकाने वेगळे ठेवा.

जाण्याआधी थोडी तयारी करायची असेल तर त्यासाठी एक उत्तम साठा आहे. १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांमधल्या, साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना हेच काम दिलं होतं. सुमारे ५,००० शाळा आणि ५०,००० मुलं. शिक्षकांच्या हातात विषयांची पुस्तिका होती: गावातले खेळ, जत्रा, सणांचे दिवस, जुने धंदे, लोणी घुसळणं, पावसाचे ठोकताळे, पवित्र विहिरी, पुरलेलं धन. मुलं घरी जाऊन विचारायची आणि निबंधाच्या तासाला वहीत लिहायची. हा सगळा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे आणि 'दूखस' या संकेतस्थळावर पानं जशीच्या तशी पाहता येतात. तिथल्या हस्तलिखितांचं टंकलेखन इर्जिकीसारखं चालतं, जगात कुठूनही कोणीही हातभार लावू शकतं. उत्तरेकडच्या सहा काउंट्या (जिल्हे), म्हणजे उत्तर आयर्लंड, त्यात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

या साठ्यात काउंटीच्या नावाने शोधू नका, शाळेच्या किंवा टाउनलँडच्या नावाने शोधा. टाउनलँड हा जमिनीचा सगळ्यात लहान नावाचा तुकडा. देशभर असे ६०,००० हून जास्त आहेत आणि खेड्यातली माणसं पत्ता अजूनही त्यानेच सांगतात. जुन्या नोंदींत नावाचं स्पेलिंग निराळं असू शकतं, म्हणून एक-दोन प्रकारे शोधून पाहा. मुलीच्याच शाळेतली १९३८ ची वही सापडण्याची शक्यता बरीच आहे. तिची छापील प्रत आजोबांसमोर ठेवली तर ते वाचता वाचता दुरुस्त्या करायला लागतील, आणि त्या दुरुस्त्या हाच तुमचा खरा मजकूर.

या वह्या वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवा. मुलांनी लिहिलेलं शिक्षकांनी तपासलेलं आहे, त्यामुळे प्रणयाचे, अंधारातले, दारूचे भाग बहुतेक गळालेले असतात. आणि ज्या गोष्टी सगळ्यांना येतच होत्या त्या कुणी सविस्तर लिहिल्या नाहीत. 'मग आम्ही क्रॉस करतो' एवढ्यावर वाक्य संपतं. कृती गायब. ती खाली देतो.

सेंट ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारीचा. आयर्लंडमध्ये हा वसंताचा पहिला दिवस मानतात आणि २०२३ पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टीही आहे. क्रॉस मात्र आदल्या संध्याकाळी होतात. त्यासाठी लागतो रश: पाणथळ, निचरा नसलेल्या कुरणात झुबक्यांनी उगवणारं, लव्हाळ्यासारखं दिसणारं पण पान नसलेलं, गोल हिरव्या काडीचं झाड. आत पांढरा स्पंजासारखा गाभा असतो. रश कापायचे नसतात, उपटायचे असतात, असा जुना नियम आहे. तो पाळा, कारण त्यात व्यवहारही आहे. काडी बुडाशी धरून सरळ वर ओढली की ती आपल्या आवरणातून अख्खी निसटते आणि पूर्ण लांबी मिळते. साधारण ६० ते ९० सेंटीमीटर लांबीच्या काड्या निवडा. तपकिरी टोकाच्या, वाकलेल्या किंवा करकर मोडणाऱ्या घेऊ नका.

बऱ्याच घरांत आणलेले रश संध्याकाळपर्यंत दाराबाहेरच ठेवत. अंधार पडल्यावर घरातली एक मुलगी भारा घेऊन बाहेर जाई, दार वाजवी आणि गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या असं तीनदा म्हणे. आतली मंडळी तिचं स्वागत करत. मग भारा टेबलाखाली, वर जेवण, आणि जेवण झाल्यावर विणकाम. तुमच्या आजोबांना हा दाराचा भाग नक्की विचारा. तो डोनेगल आणि अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताच्या बाजूला जास्त आढळतो, आणि तिथेही गावागणिक वेगळा.

आता विणकाम. चार हातांच्या क्रॉसला १७ तुकडे लागतात: एक मधला आणि चार-चारचे चार फेरे. प्रत्येक तुकडा ३० सेंटीमीटरचा. एकाच जाडीचे निवडा. जाड-बारीक मिसळले तर एक हात फुगतो आणि क्रॉस भिंतीवर तिरका लटकतो. पहिली काडी उभी धरा. दुसरी बरोबर मध्यात दुमडा, पहिलीच्या मध्याभोवती घाला, दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव फेरा फिरवा. उजवीकडची टोकं वर येतील. तिसरी काडी दुमडून या वर आलेल्या टोकांभोवती घाला, तिचीही टोकं उजवीकडे. पुन्हा पाव फेरा, पुन्हा वरच्या हाताभोवती नवी काडी, टोकं उजवीकडे. दर वेळी एवढंच. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मधला चौकोन सोडत नाहीत. नवी काडी घातली की उजव्या हाताने तिची टोकं ओढून ती मध्याशी घट्ट टेकवायची आणि मगच फिरवायचं.

इथे चुका तीन होतात. एक, मध्येच फिरवण्याची दिशा उलटते. तसं झालं की घड्या एकमेकींना अडकत नाहीत आणि सगळं हातात सुटं होतं. गोंधळ झालाच तर शेवटच्या दोन काड्या काढून तिथून पुढे जा. दोन, काडी दुमडताना चिरते. ती वाळलेली असते म्हणून. उपटल्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि दुमडण्याआधी तो भाग बोटांनी चेपून मऊ करा. तीन, आठवड्याभराने क्रॉस सैल पडतो. ओला रश वाळताना आकसतो, त्यामुळे हे होणारच. म्हणून विणताना शक्य तितकं घट्ट ओढायचं, चारही हात टोकापासून दोन-तीन सेंटीमीटरवर बांधायचे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा आवळायचे. शेवटच्या काडीला धरून ठेवणारी पुढची घडी नसते, तेव्हा बांधायला सुरुवात तिच्याच हातापासून करा. टोकं कात्रीने सारखी करायची ती बांधून झाल्यावर, आधी नाही.

क्रॉस दारावर आतल्या बाजूने आणि गोठ्यात लावत. आगीपासून आणि आजारापासून राखण हा हेतू. गवताने शाकारलेल्या छपराच्या घरात आगीची भीती खरी होती, त्यामुळे वाशांत खोचलेले जुने क्रॉस काही ठिकाणी वर्षानुवर्षं तसेच राहत. सगळीकडे चारच हात नसत. गोठ्यासाठी तीन हातांचा करत, कुठे लाकडी काड्यांवर काड गुंडाळून शंकरपाळ्याच्या आकाराचा करत. चार हातांचा सगळ्यांना माहीत झाला त्यात दूरचित्रवाणीचाही वाटा आहे, कारण वाहिनीच्या बोधचिन्हात तोच होता. म्हणून 'कसा करत होता' हे आजोबांना विचारण्याआधी चार हातांचा नमुना त्यांना दाखवू नका. नाहीतर ते त्यालाच हो म्हणतील.

त्याच रात्री खिडकीबाहेर किंवा झुडपावर फडका किंवा फीत ठेवायची, तिला ब्रिजिडचा पदर म्हणत. रात्रीचं दव त्यावर पडलं की ती वर्षभर डोकेदुखीला, अडलेल्या गाईला वापरायची. आणि मुलं बाहुली घेऊन घरोघर फिरायची, तिला ब्रीजोग म्हणत. लोणी घुसळायच्या रवीला कपडे घालूनही ही बाहुली करत. केरी काउंटीत किलोर्गलिनच्या आसपास हे फिरणं अजून चालतं. तिथे मोठी माणसं काडाच्या उंच टोप्या घालून निघतात.

काडाचा विषय निघालाच आहे तर तो नीट घेऊ, कारण स्ट्रॉबॉईज आणि रेन (डिसेंबरातली त्या नावाच्या पक्ष्याची मिरवणूक) दोन्ही त्यावर उभे आहेत. स्ट्रॉबॉईज म्हणजे लग्नाच्या रात्री आमंत्रणाशिवाय येणारी गावातली तरुण मंडळी. अंगावर काडाचे झगे, डोक्यावर तोंड झाकणारी शंकूसारखी टोपी. त्यांचा एक कप्तान असतो. तो नवरीबरोबर नाचतो, बाकीचे पाहुण्यांबरोबर, थोडं खाणंपिणं होतं आणि ते निघून जातात. ओळख पटू द्यायची नसते. ते आले तर जोडप्याचं भलं होतं अशी समजूत. मेयो, स्लायगो, लीट्रिम, क्लेअर या पश्चिमेकडच्या पट्ट्यात हे जास्त. विचारण्यासारखं बरंच आहे: आवाज बदलायला काय करायचे? कोणाच्या खळ्यात कपडे व्हायचे? नंतर काड जाळायचे की ठेवायचे? ते नीट वागले नाहीत तर काय व्हायचं?

काड ओटचं, विळ्याने कापलेलं आणि काठीने झोडपलेलं. कंबाइनमधून निघालेलं काड चिरडलेलं आणि तुटलेलं असतं, त्याची ना टोपी होते ना दोरी. गोल गठ्ठा विकत आणून प्रयत्न करण्यात अर्थ नाही. छपरं शाकारणाऱ्या कारागिराकडे लांब काडाची एखादी पेंढी मागा.

या काडाची दोरी, म्हणजे सूगान, हे दोन जणांचं काम आहे आणि शाळेत करून दाखवायला फार चांगलं. आदल्या रात्री काडावर पाणी शिंपडून ते गोणपाटाखाली ठेवा. चिंब करू नका. ओलं काड फुगतं, मग वाळल्यावर दोरी सैल पडते आणि आत बुरशी येते. वाकवलं तर मोडू नये एवढाच दमटपणा हवा. पीळ द्यायला लाकडी आकडा असे, तुम्ही जाड तारेचा हँडलसारखा वाकवलेला आकडा घ्या. एक जण ढिगापाशी बसतो, आठ-दहा काड्यांची जुडी दुमडून आकड्यात अडकवतो. दुसरा आकडा एकाच दिशेने फिरवत हळूहळू मागे सरकतो. बसलेल्याने आधीची जुडी संपायच्या आत पुढच्या काड्या आत सरकवायच्या, थोड्या थोड्या, सारख्या. जाडी बोटाएवढी राखायची.

दोरी तुटते ती नेहमी बारीक झालेल्या जागी, आणि ती जागा होते बसलेल्याचं लक्ष उडाल्यामुळे किंवा चालणारा घाई करतो म्हणून. चालणाऱ्याने बसलेल्याचा वेग पाळायचा, उलट नाही. दोरी सतत ताणलेली ठेवा. ढिली सोडली की तिच्यात गाठीसारख्या वेटोळ्या पडतात आणि त्या नंतर निघत नाहीत. पाच-सहा मीटर झाली की ताण न सोडता तिचा गोळा गुंडाळायला घ्या. एका पिळाची दोरी मोकळी सोडली तर उलगडते, म्हणून टोक बांधूनच ठेवायचं. याच दोरीने गवताच्या गंजी बांधत, छपरं दाबत आणि खुर्च्यांच्या बैठका विणत.

रेनचा दिवस २६ डिसेंबर, सेंट स्टीफनचा. रेन हा जेमतेम १० ग्रॅमचा तपकिरी पक्षी. पूर्वी मुलं कुंपणांतून तो मारून आणत, हॉलीच्या किंवा काटेरी फर्झच्या फांदीवर बांधत, फितींनी फांदी सजवत आणि वेषांतर करून घरोघर वाजवत-गात पैसे मागत. जमलेल्या पैशात रात्री नाच आणि खाणं. आता पक्षी खोटा असतो आणि तसाच असायला हवा. १९७६ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. डिंगल गावात हा दिवस अजून जोरात होतो: काडाचे पोशाख, बासऱ्या, ढोल, आणि लाकडी सांगाड्यावर पांढरं कापड टाकलेला, जबडा वाजवणारा घोडा. आजोबांना विचारताना मारण्याविषयी थेट विचारायला हरकत नाही, पण मुलीने दोष देण्याच्या सुरात विचारू नये. तो सूर लागला की गप्पा संपल्या.

हॅलोविनच्या नोंदी शाळेच्या वह्यांत भरपूर आहेत. भोपळा हे अमेरिकेकडून परत आलेलं रूप, खेड्यात कंदील कोरत तो स्वीडचा, म्हणजे पिवळ्या गराच्या मोठ्या शलगमाचा. मेयोमध्ये कॅसलबारजवळ टर्लो पार्कला ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे डोनेगलच्या फिंटाउनहून आलेल्या अशा कंदिलाचा साचा पाहायला मिळतो. चेहरा खरोखर भीतीदायक आहे. दीड ते दोन किलोचा स्वीड घ्या. वरचा एक चतुर्थांश भाग सुरीने कापून झाकण करा, हे काम मोठ्या माणसाने करायचं. गर कच्च्या बटाट्याहून घट्ट असतो, नुसत्या चमच्याने निघत नाही. आधी सुरीच्या टोकाने आडव्या-उभ्या चिरा पाडा, मग धातूच्या चमच्याने तुकडे उपसा. तळाला दोन आणि बाजूंना एक सेंटीमीटर जाडी राहू द्या. त्याहून जाड ठेवली तर उजेड दिसत नाही, पातळ केली तर तोंड कोरताना भिंत फुटते. तोंड मोठं करू नका, कारण वाळताना ते आपोआप आकसतं आणि म्हाताऱ्यासारखं होतं. तीन-चार दिवसांत बुरशी धरते, तेव्हा आधी करून ठेवायची वस्तू ही नाही. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा चालेल. मेणबत्ती लावलीत तर झाकणाला धूर जायला भोक हवं.

त्या रात्रीचं जेवण कोलकॅनन: एक किलो भुसभुशीत जातीचे बटाटे उकडून हाताने कुस्करायचे, २५० ग्रॅम केल किंवा कोबी बारीक चिरून, शिजवून आणि पिळून त्यात घालायचा, पाच-सहा पातीचे कांदे १५० मिलीलिटर गरम दुधात टाकून तेही घालायचे, मीठ, आणि मध्ये खळगा करून ७५ ग्रॅम लोणी. मिक्सर वापरला की बटाट्याचा चिकट गोळा होतो. केल न पिळता घातली की पातळ होतं. यात किंवा बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावात अंगठी दडवत. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं लग्न. पावात कधी नाणं, चिंधी, वाटाणा, काडीही असे. बशांचा खेळही विचारा: डोळे बांधून तीन बशांपैकी एकीत हात घालायचा. अंगठी म्हणजे लग्न, पाणी म्हणजे समुद्रापार जाणं, माती म्हणजे मरण. ज्या गावातून दर घरटी कोणी ना कोणी परदेशी गेलं तिथे पाण्याच्या बशीला किती वजन असेल, हे परदेशी राहणाऱ्या मराठी घराला वेगळं सांगायला नको.

मुलांच्या खेळांत जॅकस्टोन्स तुमच्या मुलीला लगेच येईल. ते आपले सागरगोटेच आहेत. ओढ्यातले गोल गुळगुळीत पाच खडे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, तीन आणि एक, चारही एकदम. शिवाय पाचही उडवून हाताच्या पालथ्या बाजूवर झेलणं. आजोबांना खडे द्या आणि मुलीने घरून गजगे न्यावेत. नियमांतले फरक खेळता खेळता निघतील, ते तिथेच टिपून घ्यायचे.

पिच अँड टॉस हा रविवारी प्रार्थनेनंतर चौकात चालणारा पैशाचा खेळ. जमिनीवर खूण, प्रत्येकाने रेघेवरून एकेक नाणं तिच्याकडे टाकायचं. ज्याचं सगळ्यात जवळ, तो सगळी नाणी गोळा करून उडवतो आणि छाप पडलेली ठेवतो. उरलेली दुसऱ्या क्रमांकाचा उडवतो, असं नाणी संपेपर्यंत. जुनी पेनी ३१ मिलिमीटर व्यासाची होती, एका बाजूला वीणा आणि दुसऱ्या बाजूला पिलांसह कोंबडी, तेव्हा 'छाप' म्हणजे कुठली बाजू ते विचारून घ्या. आजच्या हलक्या सेंटच्या नाण्यांनी खेळ जमत नाही, ती उसळून लांब जातात. १९७१ च्या दशमान पद्धतीआधीची नाणी जुन्या वस्तूंच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

एल्डर नावाच्या झाडाच्या फांदीची खेळण्यातली बंदूकही जुन्या वह्यांत सारखी भेटते. अडीच सेंटीमीटर जाडीचा, १५ ते २० सेंटीमीटर लांबीचा, मध्ये गाठ नसलेला सरळ तुकडा. आतला मऊ गाभा तारेने ढकलून काढायचा आणि नळी आतून गुळगुळीत करायची. दुसऱ्या कडक लाकडाचा दट्ट्या करायचा. नळीत सैलसर जाणारा, आणि मुठीपर्यंतची लांबी नळीहून एक सेंटीमीटर कमी. ओल्या कागदाचा बोळा पुढच्या तोंडाशी घट्ट बसवायचा, दुसरा मागून घालून दट्ट्याने ढकलायचा. मधली हवा दाबली जाते आणि पुढचा बोळा आवाज करून सुटतो. सुटत नसेल तर बोळे सैल आहेत किंवा नळीला चीर गेली आहे. दट्ट्या पूर्ण लांबीचा केला तर दुसरा बोळाही बाहेर जातो आणि दर वेळी दोन करावे लागतात. एल्डरची साल आणि पानं विषारी असतात, तेव्हा नळी तोंडात धरायची नाही आणि कागद चघळण्याऐवजी पाण्यात भिजवायचा. बर्फात पक्षी पकडायच्या काड्यांच्या पिंजऱ्याची माहितीही कोणी देईल. ती लिहून घ्या, करू मात्र नका, ते आता बेकायदेशीर आहे.

रोड बोलिंग कॉर्क आणि आर्मा या दोन काउंट्यांचं. २८ औंसांचा, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅमचा भरीव लोखंडी गोळा नेहमीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर हात खालून फेकत न्यायचा, कमीत कमी फेकींत ठरलेलं अंतर जो पार करील तो जिंकला. गोळा थांबला तिथे रस्त्यावर खडूची खूण होते आणि पुढची फेक तिथून. गोळा कुठे टेकवायचा ते दाखवायला रस्त्यावर गवताचा झुबका ठेवतात, त्याला सॉप म्हणतात. वळण उडवून पलीकडे टाकलेली फेक म्हणजे लॉफ्ट. खेळणारा पूर्ण एका फेकीने पुढे गेला की 'बोल ऑफ ऑड्स'. हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. मुलांनी हे रस्त्यावर करून पाहू नये. कॉर्कच्या बाजूला गेलात तर एखाद्या रविवारी प्रत्यक्ष पाहा आणि गोळा येताना खेळणाऱ्याच्या समोर उभे राहू नका.

नाचाबद्दल एकच विचारा: कुठल्या घरात आणि कुठल्या फरशीवर. चौकात, घरात, चुलीपुढच्या दगडी लादीवर नाच व्हायचे. पाय घुमावेत म्हणून लादीखाली घोड्याची कवटी पुरत, असं कोणी सांगितलं तर नवल वाटू देऊ नका, ही नोंद अनेक ठिकाणी आहे. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नाचाला परवाना लागू झाला आणि घरगुती नाचांवरही धर्मगुरू आणि पोलिसांची नजर आली. मयताच्या रात्रीचे खेळही होते, चर्चने ते वारंवार बंद केले. तो विषय मुलीने स्वतः काढू नये. समोरच्याने काढला तर ऐकावा.

लिहिताना प्रत्येक गोष्टीखाली सांगणाऱ्याचं वय, टाउनलँड, 'विजेच्या आधी की नंतर' आणि 'पाहिलेलं की ऐकलेलं' एवढं हवंच. आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी विचारा, आणि शाळेत नाव लावलेलं चालेल का तेही विचारा. एका भेटीला तासाहून जास्त बसू नका. दुसऱ्या भेटीत जास्त मिळतं, कारण मधल्या दिवसांत माणूस आठवत बसतो.

वस्तू कोणती करायची ते महिन्यावर ठरवा. जानेवारीत क्रॉस, ऑक्टोबरात स्वीड. उन्हाळ्यात रश हिरवे आणि लवचीक असतात, तेव्हा क्रॉसचा सराव करायला तो काळही चांगला. बंदुकीसाठी फांदी हिवाळ्यात, पानं गळल्यावर कापा. सूगान वर्षभर जमते, फक्त लांब काड शोधायला दोन-तीन आठवडे धरा. सादरीकरण आठवड्यावर आलं असेल तर जॅकस्टोन्स घ्या: ओढ्यातून खडे आणायला एक संध्याकाळ पुरते, आणि वर्गात प्रत्येकाला खेळून पाहता येतं.